शेवयांचा माग कोणी मोडला

थांबा, चहा नंतर प्या, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. दोन महिने मी एक गोष्ट पोटात ठेवली होती. मी. दोन महिने. माझ्या घरच्यांना विचारा, मला दोन तास गप्प बसता येत नाही. त्यामुळे भराभर टाईप करतेय, बोटं एकमेकांत अडकतायत, चुका झाल्या तर चालवून घ्या.

आधी एक कबूल करते. मी धांदरट आहे. म्हणजे "अय्या, माझ्या हातून पण परवा कप फुटला" असलं गोड काहीतरी नाही. अंधेरीला आमच्या ऑफिसमध्ये एक काचेचं दार आहे, त्यावर बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीला पिवळा स्टिकर लावलाय. मी जॉईन झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी लावला. मामाच्या बाळाच्या बारशाला मी पेढ्यांवर बसले होते. एका पेढ्यावर नाही, अख्ख्या बॉक्सवर. आणि गेल्या वर्षी रिक्षातून उतरले, ओढणी आत राहिली, रिक्षा निघाली, मग मी रिक्षाच्या बाजूने पळतेय, तर ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणतो, "मॅडम, इतनाही है तो बैठ जाओ ना."

घरी पाहुणे आले की सगळ्यांना कपबशी आणि मला स्टीलचा पेला. पाहुणे विचारतात, हिला असं का? आई म्हणते, तिला तेच आवडतं.

लोकांना वाटतं आम्ही निष्काळजी असतो. उलट आहे हो. मी जितकी काळजी घेते तितकं जास्त पडतं. काळजीच घेतली नाही तर एखाद वेळेस वाचतं पण.

हां, तर लग्न. माझ्या मावसबहिणीचं, जिला मी ताई म्हणते. आम्ही दिंडोशीला राहतो, मावशी त्याच बिल्डिंगमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे ताईचं लग्न म्हणजे आमच्याच घरचं लग्न. मुलगा सांताक्रूझचा, घरात सगळे शिकलेले, आई बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेली. बैठक एकदम मस्त चालली होती. पोहे झाले, चहा झाला, हॉल मरोळचा ठरला, आणि मग त्या होणाऱ्या विहीणबाई अगदी सहज म्हणाल्या, "रुखवत वगैरे करत बसू नका हो तुम्ही. हल्ली छान भाड्याने मिळतं. आम्ही आमच्या मुलीच्या लग्नात तेच आणलं."

मावशी "हो का" म्हणाली. हसली पण. पण ते लोक खाली जाऊन गाडीत बसायच्या आत मावशीने कपबशा अशा आपटल्या की मला वाटलं, आज माझं काम दुसरंच कोणीतरी करतंय.

"भाड्याचं. उद्या म्हणतील, मुलगी पण भाड्याने आणा."

आई म्हणाली, "अगं, त्रास नको म्हणून बोलल्या असतील."

"माझ्या मुलीचं रुखवत मी करायचं, त्यात त्रास कसला? आता बघच तू, असं करते की त्या चष्मा लावून बघतील."

आणि तिने माग करायला घेतला.

सांगते. माझे आजोबा, म्हणजे आईचे आणि मावशीचे बाबा, गिरणीत मागावर कापड विणायचे. आयुष्यभर. मावशी लहान असताना त्यांचा डबा घेऊन गेटपर्यंत जायची, तर आतला खडखडाट रस्त्यावर ऐकू यायचा म्हणे. लोक रुखवतात साखरेचं तुळशीवृंदावन करतात, सुपारीचे भटजी करतात, खोबऱ्याच्या वाटीची होडी करतात. मावशीने ते सगळं केलंच, पण मधोमध ठेवायला तिला बाबांचा माग हवा होता. आणि तो खायच्या वस्तूंचा.

सांगाडा आइस्क्रीमच्या काड्यांचा. त्यासाठी महिनाभर आम्ही सगळ्यांनी कुल्फी खाल्ली, आणि ह्या एका कामात माझ्या हातून काहीही चुकलं नाही. उभे धागे शेवयांचे. विकतच्या नाही हां. समोरच्या साताऱ्याच्या काकूंकडून शिकून मावशीने स्वतः वळल्या, केसासारख्या बारीक, काठीवर टाकून सरळ वाळवल्या. साठेक शेवया शेजारी शेजारी, मैद्याच्या खळीने चिकटवलेल्या. आडवी शेवई बिटाच्या रसात रंगवून तांबडी केलेली, ती एक सोडून एक अशी ओवत ओवत दोन बोटं रुंद कापड तयार झालेलं. खरंच विणलेलं. आणि त्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळतो तो धोटा असतो ना, तो होता एक सोललेला बदाम.

बदाम ठेवला त्या दिवशी मावशी बराच वेळ बघत बसली होती. मी दारातून बघत होते, कारण मला खोलीत यायची परवानगी नव्हती.

"मावशी, हलतो का गं तो?"

"हलतो. तू हलू नकोस."

आता लग्नाचा दिवस. सकाळी सगळे पुढे हॉलवर गेलेले. माग माझा भाऊ आणणार होता, असं आधीपासून ठरलेलं, कारण दादाचे हात म्हणजे सर्जनचे. पण ऐनवेळी भटजींची स्कूटर मुलुंडला बंद पडली आणि दादाला बाईक घेऊन तिकडे पळावं लागलं. मावशीला ताईबरोबर गाडीत बसायचं होतं, मांडीवर दागिने, पायाशी पूजेचं सामान, तीत तांदळाचा दाणा ठेवायला जागा नव्हती. मावशीने घरभर नजर फिरवली. घरात उरलेली माणसं: मी.

ती माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मीच म्हटलं, "मी नको ना?"

"बाय, ऐक. रिक्षातून जायचं. मांडीवर धरायचं. फोन बघायचा नाही. हॉलवर गेलीस की टेबलाच्या मधोमध ठेवायचं आणि बाजूला उभं राहायचं, हात मागे."

"आणि जेवायचं कधी?"

"जेवायचं नाही." मग गाडीत बसता बसता ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "विहीणबाई बघेपर्यंत टिकव गं. त्यांनी एकदा बघितलं की मग हवं तर खा."

मी त्या क्षणी ठरवलं. आयुष्यात एक वस्तू मी नीट पोचवणार. एकच. मग परत आहेच आपलं.

दिंडोशीहून मरोळला जायचं म्हणजे आरेतून. तुम्हाला माहितेय तो रस्ता. झाडं वगैरे छान, पण स्पीडब्रेकर कोणी मोजलेत का कधी? रिक्षावाल्या भैयाने आरशातून बघितलं.

"केक है क्या?"

"नहीं, माग है." मग लक्षात आलं. "मशीन. कपडे का मशीन."

"इतना छोटा?"

"सेवई का है."

त्याने आपणहून वेग कमी केला, आणि तिथून पुढे प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी जाहीर करायला लागला, "मॅडम, आ रहा है." की मी मागसकट सीटवरून अर्धी उठायची, गुडघे वाकवून हवेत. नऊवारी नव्हती म्हणून बरं, पण पाचवारीत पण हे सोपं नाहीये, करून बघा. मागून बस हॉर्न मारतेय, भैया हात बाहेर काढून त्यांना सांगतोय, "रुको, अंदर शादी का सामान है."

आणि मग म्हशी. एका गोठ्याजवळ पंधरा-वीस म्हशी रस्ता ओलांडायला लागल्या, आरामात. त्यातली एक थांबली. तिने रिक्षात तोंड घातलं. मी शपथेवर सांगते, तिने शेवया बघितल्या. मी पाठ फिरवली, माग छातीशी धरला तान्ह्या बाळासारखा, आणि म्हशीचा श्वास माझ्या ब्लाउजच्या पाठीवर. माझी पाठ ओली झाली पण मी हलले नाही.

"मॅडम, उसको भी दिखा दो एक बार," भैया म्हणाला.

मरोळला पोचले. एकही शेवई मोडली नव्हती. मी दोनदा बघितलं. भैयाने पण उतरून बघितलं आणि मान हलवली, आपण दोघांनी मिळून आणलं अशी.

मग मी उभी राहिले टेबलाशी. हात मागे. तीन तास. बाजूला लाडू, चिरोटे, अनारसे, मी काही घेतलं नाही. एका काकांनी विचारलं, "हे काय, पेटी का?" दोन बायका म्हणाल्या, झोपाळा असेल. एक छोटी पोरगी बदामावर नजर ठेवून चौथ्यांदा आली तेव्हा मी तिला सांगितलं की त्याला पॉलिश केलंय. बाकी सगळ्यांना एकच वाक्य: "माग आहे. मावशीने केलाय." एक म्हातारे गृहस्थ मात्र काही न विचारता वाकले, नीट बघितलं, म्हणाले, "धोटा डावीकडे थांबलाय," आणि पुढे गेले.

मला काय वाटत होतं माहितेय? मला वाटत होतं मी सहा फूट उंच आहे.

रीत अशी की मंगलाष्टकं झाली की मुलीकडच्या बायका विहीणबाईंना मानाने रुखवत बघायला आणणार. पण मुहूर्ताला दहा मिनिटं असताना सगळे स्टेजकडे गेले, अक्षता वाटणं सुरू झालं, आणि विहीणबाई एकट्याच माझ्या टेबलाशी आल्या. मोरपिशी पैठणी, मनगटाला जरीचा बटवा. त्यांनी बटव्यातून चष्मा काढला आणि लावला. मला आतून इतका आनंद झाला. मावशी म्हणाली होती तेच. चष्मा लावून.

"हे तू केलंस?"

"नाही काकू, मावशीने."

"आणि हे धागे..." त्या वाकल्या. "शेवई आहे? खरी?"

"हो."

त्यांनी एक बोट पुढे केलं, फक्त एक, बदामाकडे. बोट बदामापर्यंत पोचलंच नाही. मनगटावरचा बटवा झोका घेऊन पुढे आला, मागाच्या वरच्या काडीत अडकला, त्यांनी घाबरून हात मागे घेतला, आणि हाताबरोबर माग पण आला. खाली पडला तेव्हा फार आवाज झाला नाही. पापड मोडतो तेवढाच. आणि मग त्याला वाचवायला त्या पटकन पुढे झाल्या आणि त्यांचा पाय त्याच्यावर पडला.

हे शेवटचं बघितलं आणि मी ओळखलं. पाडतं कोणीही. पण पडलेल्या वस्तूला वाचवायला जाऊन तिच्यावर पाय देणं, हे आमच्यातच असतं. त्यांचा चेहरा बघितला तर तो चेहरा मी रोज आरशात बघते.

मावशी तेवढ्यात अक्षतांचं ताट घेऊन तिथे आली. ताट तिने कोणाच्या तरी हातात दिलं. मावशी शुद्ध बोलते, पण रागावली की थेट मालवणात उतरते.

"काय केलंस गो ह्या?" हे माझ्याकडे बघून. विहीणबाईंकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "तुका सांगितलेलंय मां, हात मागे ठेव म्हणान?"

माझे हात मागेच होते. अजूनही.

विहीणबाईंनी तोंड उघडलं. "अहो, ते..."

आणि माझं डोकं आयुष्यात पहिल्यांदा हातापायांपेक्षा जोरात चाललं. ह्या बाईंनी बैठकीत भाड्याचं आणा म्हटलंय. मावशी ते दोन महिने चघळतेय. आता हिला कळलं की माग ह्यांनीच मोडला, तर ती एकच म्हणणार, मुद्दाम. मग दहा मिनिटांत मुहूर्त, ताई आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेली, आणि बाहेर दोन विहिणी. वाट लागली असती.

"सॉरी मावशी," मी म्हटलं. "माझी ओढणी अडकली."

मी साडीत होते. ओढणी नव्हतीच. पण एकाही माणसाने, एकाही, विचारलं नाही की कुठली ओढणी. भटजींना आणून कधीचा मोकळा झालेला दादा तेवढ्यात तिथे आला, त्याने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तीन तास टिकलं? रेकॉर्ड आहे." मग स्टेजवरून सावधान ऐकू आलं तेव्हा अर्धे लोक माझ्याकडे वळले.

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, पैठणीसकट, शेवयांचे तुकडे रुमालात गोळा केले, बदाम शोधला, पुसला आणि पदराच्या टोकाला बांधला. उठून फक्त एवढंच म्हणाली, "त्यांनी बघायच्या आधीच."

मला ओरडून सांगायचं होतं की बघितलं, बघितलं त्यांनी, सगळ्यात जवळून त्यांनीच बघितलं. पण मी अक्षता टाकल्या. त्या पण समोरच्या काकांच्या कॉलरमध्ये गेल्या.

जेवताना मी कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसले होते. श्रीखंड होतं आणि मला जात नव्हतं, म्हणजे विचार करा. विहीणबाई ताट घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या.

"ओढणी कुठाय तुझी?"

"घरी."

त्यांना हसू आलं, मग त्यांनी ते दाबलं. "मी आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"नको काकू. तुम्ही भाड्याने आणा म्हणाला होतात ना, मावशीला ते लागलंय. तिला वाटेल मुद्दाम केलंत."

त्यांनी घास खाली ठेवला. "लागलं? अगं, मी कशाला म्हटलं माहितेय? माझ्या मुलीच्या वेळी मी स्वतः रुखवत केलं होतं. आदल्या दिवशी त्या टेबलाची चादर नीट करायला गेले आणि चादर ओढली. सगळं खाली. तेव्हा धावत जाऊन भाड्याचं आणलं. ते प्लास्टिकचं असतं, पडलं तरी परत उचलून ठेवता येतं. मला वाटलं, ह्या बिचाऱ्यांचं तसं नको व्हायला."

"म्हणजे तुम्ही पण?"

"आमच्याकडे काचेच्या भांड्यांच्या कपाटाला कुलूप आहे. किल्ली ह्यांच्याकडे." त्यांनी नवरदेवाच्या बाबांकडे मान केली. "घरात सगळ्यांना माहितेय. बाहेर मी कळू दिलं नाही. बँकेत लोक मला घाबरायचे गं."

मग आमचं ठरलं. आत्ता बोलायचं नाही. दीडेक महिन्यात संक्रांत, ताईची पहिली, त्यांच्याकडे हळदीकुंकू असणार. तोवर ताई तिथे रुळेल, दोघी विहिणी एकमेकींना थोड्या ओळखायला लागतील, तेव्हा त्या सांगणार.

"पण तोपर्यंत तुझ्यावर आलं," त्या म्हणाल्या. "तुला वाईट नाही वाटत?"

"छे, मला सवय आहे."

खोटं होतं. मला भयंकर वाईट वाटत होतं. जे मी मोडलं त्याबद्दल मी बावीस वर्षं बोलणी खाल्ली, ठीक आहे, मोडलं होतं. पण हे मी म्हशीच्या तोंडातून आणलं होतं यार.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका. आमच्या फॅमिली ग्रुपवर दादाने माझा फोटो टाकला, खाली लिहिलं, "ही व्यक्ती आढळल्यास शेवया लपवा." आत्याने खीर केली आणि मला वाढताना म्हणाली, हळू गं, शेवया आहेत. ह्या सगळ्याला मी पण हसले. पण मावशी थट्टा करत नव्हती. मावशी नीट वागायला लागली होती, ते जास्त वाईट. पूर्वी ती शिव्या घालायची पण हातात काम द्यायची. आता काही धरायला गेले की, "राहू दे बाय, मी करते." एक दिवस वर गेले तर ती मटार सोलत होती. मी शेजारी बसले, शेंग उचलली. तिने वाटी हळूच स्वतःकडे ओढली. मटार हो. मटाराला काय मोडायचंय?

त्या काळात माझा एकच आधार, सांताक्रूझहून येणारे विहीणबाईंचे मेसेज. सकाळी मी ऑफिसला निघायचे तर फोन वाजायचा: "आज लोणच्याची बरणी. तू?" मी लिहायचे, "लिफ्टच्या दारात डबा. लिफ्ट माणसांसकट अडकली." मग त्यांचा अंगठा.

आणि मग हळदीकुंकू. मावशी, आई आणि मी सांताक्रूझला गेलो. ताई काळ्या साडीत, अंगावर हलव्याचे दागिने, मावशीनेच केलेले. मुकुट, बाजूबंद, तन्मणी, सगळं. ताईचे फोटो चालले होते. मावशी तिथल्या बायकांमध्ये बसली होती आणि कोणीतरी हलव्याच्या हाराचं कौतुक केलं. मी तेवढ्यात कंबरपट्ट्याचा बॉक्स उचलायला वाकले.

"तू नको हां," मावशी म्हणाली. आणि त्या बायकांना, "हिच्यापासून लांब ठेवावं लागतं. लग्नात मी शेवयांचा माग केला होता, हिने पाडला. ओढणी अडकली म्हणे."

विहीणबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन मधोमध उभ्या होत्या. त्या थांबल्या.

"विहीणबाई, ओढणी नव्हती. तिने साडी नेसली होती."

मावशीला कळेना. "मग?"

"बटवा होता. माझा. माग मी पाडला, आणि त्याच्यावर पाय पण माझाच पडला. ही तुमच्यासमोर खोटं बोलली, आणि मी तिला बोलू दिलं."

ताईच्या मुकुटातला एक हलवा सुटून फरशीवर पडला, तोही सगळ्यांना ऐकू आला. मी मावशीकडे बघत होते. मला वाटलं, आता भाड्याचं निघणार, आता मालवणी निघणार.

मावशी म्हणाली, "पण तुम्ही बघितलात ना? पडायच्या आधी?"

"बघितला म्हणजे काय. धोटा बदामाचा होता. तांबडी शेवई बिटाची. आणि उजवीकडून चौथी की पाचवी शेवई मधे तुटलेली होती, ती तुम्ही पिठाने सांधली होती."

"ती दिसली तुम्हाला?"

"चष्मा लावून बघत होते हो. म्हणून तर इतकी वाकले."

मावशीची पाठ सरळ झाली. मग विहीणबाईंनी ते चादरीचं पण सांगितलं, भाड्याच्या रुखवताचं, सगळं, आणि मावशीने पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं रडतेय. खांदे हलत होते. हसत होती.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू गो? दोन महिने?"

"तू मला मटार पण सोलू दिले नाहीस."

"मग सांगूक काय झालेला तुका?" असं म्हणून तिने मला दंडावर एक चापटी मारली, चांगली जोरात, आणि मला इतकं बरं वाटलं. मग ती उठली, विहीणबाईंच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि माझ्या हातात दिलं.

"तुम्ही बसा," त्यांना म्हणाली. "तुमचा काही भरवसा नाही. ही फिरवेल."

मी. हळदीकुंकू. आणि हे मी तुम्हाला सांगितलं नाही, त्यांचा सोफा पांढरा आहे.

अकरा बायका होत्या. सहा जणींना मी इतकं छान लावलं, कोणाच्या नाकावर काही पडलं नाही. सातव्या काकू जरा खोल बसलेल्या. मी वाकले, तबक कललं, आणि कुंकवाची चिमूट त्यांच्या शेजारी सोफ्यावर. मी फुंकर मारली. फुंकर मारायची नसते. मग मी बोटाने पुसलं. पुसायचं तर अजिबात नसतं.

वर बघितलं. मावशी आईशी बोलत होती. कोणी बघितलं नव्हतं. फक्त विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या शांतपणे उठल्या, चालत आल्या, सातव्या काकूंना म्हणाल्या, "जरा सरकता का?" आणि बरोबर त्या डागावर बसल्या.

दीड तास. वाण द्यायला उठल्या नाहीत, "सगळं इथेच आणा गं" म्हणाल्या आणि बसल्या जागेवरून वाटलं. निघताना मावशीच्या पाया पडायला ताई आली, तेव्हाही त्या तिथेच. लिफ्टमध्ये मावशी आईला म्हणाली, "किती साध्या आहेत नाही, मोठेपणा म्हणून नाही. सगळ्यांत मिसळून बसतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला: "लिंबू लावलं. जास्त पसरलं. आता उशी ठेवलीये."

ताई, तू हे वाचत असशील तर ती उशी उचलू नकोस प्लीज, उचललीस तर त्यांना बोलू नकोस, ते मी केलंय, ह्या वेळी खरंच मीच.

आणि बाकीच्यांनो, आता तुम्ही सांगा. तुमच्या हाताची अशी कीर्ती झालीये का, की जे तुम्ही मोडलंच नाही ते पण न विचारता तुमच्यावर येतं? आणि तेव्हा तुम्ही खरं सांगून टाकलंत, की माझ्यासारखी ओढणी पुढे केलीत?